कागलच्या अंगणातलं शेवाळ

राजारामपुरीत हाडांच्या दवाखान्यात शेजारच्या बाकावर दोन म्हातारे बोलत होते.

"पावणं, आत कोण हाय?"

"पोरगा, राजवर्धन. कागलला मुलगी बघायला गेलतो. त्यांच्या अंगणात घसरला."

"शेवाळ असंल."

"न्हाय वो, शेवाळ काढलं म्हणून घसरला! आम्ही येणार म्हणून त्यांनी फरशीवर मीठ, व्हिनेगर, खायचा सोडा आन् वर कपड्याची पावडर टाकून घासलं. धुवायच्या आधी आम्हीच पोचलो."

"अरारा!"

"मुलीचा बाप उचलायला धावला, तोबी त्येच्यावर आडवा."

"आन् मुलगी?"

"तिनं पाइप घेतला आन् दोघांसकट फरशी धुतली की!"

"मग मोडलं म्हणायचं."

"पाय मोडलाय. लग्न जमलं. पोरगं म्हणतंय, ही काम अर्धवट सोडत न्हाय."