चोवीस टिक

नाही, नाही, ती पट्टी कापायची नाही — बोल्टला बांधलेली ती प्लॅस्टिकची हो — दारावर फायर कंपनीचा माणूस बसलाय ना, आग विझवणाऱ्यांचाच हा हॉल आणि त्यांचाच हा बंदुकांचा बाजार, त्यानंच बांधलीय प्रत्येक बंदुकीला, सौदा झाल्याशिवाय काढायची नाही म्हणाला. आणि कात्रीही नाही माझ्याकडे. उचला की पण, उचलून बघायला कोण नाही म्हणतंय! खांद्याला लावा. कशी बसते? बसणारच. अक्रोडाचा दस्ता आहे, दर उन्हाळ्यात तेल पाजलंय त्याला, पोरालासुद्धा कोणी एवढं जपत नाही. हा ओरखडा दिसतोय तो ट्रकच्या दारात लागला होता, त्या दिवशी लॉइड जेवला नाही — लॉइड म्हणजे माझा मेहुणा, त्याची ही रायफल. टू-सेव्हन्टी, हरणाच्या शिकारीची. सव्वीस वर्षं एकाच माणसाच्या हातात. चिठ्ठीवर लिहिलंय बघा सगळं, अक्षर माझ्या बहिणीचं आहे, अर्डिथचं, माझं असं सुबक कुठलं यायला. 'एका माणसाची. जपून वापरलेली. नेम सरळ.'

काय म्हणालात? हो, म्हणजे — लिहिलंय ना तिनं. सरळ आहे. होता. अहो, तुम्हाला खरं सांगू का, तुम्ही त्या पलीकडच्या टेबलावर बघा, त्या दाढीवाल्याकडे तीन आहेत बोल्टच्या, आणि बोलायला गोड आहे माणूस. नाही? हीच हवी? सकाळपासून चौघांना हीच हवी होती. एकाला सांगितलं धक्का फार मारते, एकाला म्हटलं नळीत गंज असेल बाबा, मी काही आत शिरून पाहिलेलं नाही. गेले बिचारे. विकायला बसलोय की राखायला, तुम्हीच सांगा! अर्डिथ इथं असती तर तिनं माझंच डोकं खाल्लं असतं. ती काय, त्या कोपऱ्यात, बायकांनी भोपळ्याचा पाई मांडलाय, गोड सारणाचा, तिथं, निळा स्वेटर — बघू नका हो लगेच मान वळवून. परवा थँक्सगिव्हिंगला जेवणाच्या टेबलावर तिनं लॉइडचीही ताटली मांडली आणि मग आपली आपणच उचलली.  मी तर बटाट्यातून मान वर काढली नाही.

विकायची का? तिला घरात नको आहे ती. आणि आज चार वाजेपर्यंत गेली नाही तर — ऐका, ऐका हं — तर मी घ्यायची. फुकट. 'हार्लन, मग तूच घे,' म्हणाली, 'सोमवारी हरणांचा मोसम उघडतोय, तूच घेऊन जा डोंगरावर, लॉइडला बरं वाटेल, तुझ्याइतका जवळचा त्याला कोण होतं?' माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली. तेव्हा विकली तर पाहिजेच. आज. कोणालाही. पण कोणालाही कशी विकू? तेच तर.

अरे, ते टोपण नका काढू. दुर्बिणीवरचं. अहो राहू दे ना — काढलंच. बरं. हो, चकती आहे ती, नेम डावीउजवीकडे सरकवायची. तो लाल ठिपका ना? अर्डिथच्या नेलपॉलिशचा आहे. लॉइडनंच लावला होता, नेम एकदा बसवला की ठिपका समोरच्या रेघेशी जुळवून ठेवायचा, म्हणजे कधी हललं तर कळेल. आता जुळत नाही. बरोबर आहे, जुळत नाही. जवळजवळ पलीकडच्या बाजूला गेलाय. नजर चांगली आहे हो तुमची. वर्षभरात इतक्या जणांनी हाताळली, आमच्या शिकारीच्या सगळ्या कॅम्पनं हाताळली, कोणाला ते टोपण काढायचं सुचलं नाही.

तुम्ही इकडचेच ना? कॅम्पला जाता? मग शर्ट कापायचं तुम्हाला सांगायला नको. आमच्याकडे तर भिंत भरलीय नुसती. नेम चुकला की शर्टाचं मागचं टोक कापायचं, त्यावर नाव आणि साल घालायचं आणि चुलीमागच्या भिंतीवर खिळा ठोकून टांगायचं. माझी सात आहेत. सात! म्हाताऱ्या पास्टरचंसुद्धा एक आहे, रविवारच्या शर्टाचं. लॉइडचं एकही नाही. सव्वीस वर्षांत एक नाही. एक गोळी, एक हरीण, आणि संध्याकाळी हा गृहस्थ शर्ट विजारीत नीट खोचून भिंतीसमोर उभा राहणार आणि माझी सातही टोकं मोठ्यानं वाचून दाखवणार, सालासकट. वाईट नव्हता हो. हसायचा, हसवायचा. पण सव्वीस वर्षं ऐकून बघा तुम्ही.

तर गेल्या वर्षी म्हटलं, या खेपेला ह्याचा शर्ट कापायचाच. निघायच्या आदल्या दिवशी अर्डिथकडे गेलो आणि तिची शिवणाची कात्री मागितली. 'कशाला?' म्हणाली. म्हटलं, 'तुझ्या नवऱ्याचा शर्ट कापायला.' अशी हसली, अशी हसली, 'कापून दाखवच,' म्हणाली आणि दिली. रविवारी दुपारी लॉइडनं तीन गोळ्या झाडून नेम तपासला, तिन्ही एका बशीएवढ्या जागेत, आणि रायफल भिंतीला लावून लाकडं आणायला गेला. मी टोपण काढलं. चार टिक फिरवल्या की शंभर यार्डांवर गोळी एक इंच सरकते, तुम्हाला माहीतच आहे. मी हिशोब केला होता — चाळीस. दहा इंच. साफ चुकेल, हरीण शेपूट वर करून पळेल, आणि आम्ही पोट धरून हसू. एक, दोन, तीन, मोजत होतो. चोवीसला पायरीवर बूट वाजले. टोपण लावलं आणि पत्ते पिसत बसलो.

चोवीस. समजतंय का तुम्हाला? चाळीस झाल्या असत्या तर काही झालं नसतं. तो एवढा लवकर का आला लाकडं घेऊन? दोन मिनिटं — जाऊ दे. सहा इंच. खांद्यामागं लागायची गोळी पोटात लागली. सोमवारी दुपारी अडीचच्या सुमाराला मी आवाज ऐकला, एकच, आणि कॅम्पवर एकटाच हसत बसलो, कात्री टेबलावर काढून ठेवली. आता येईल, आता येईल. आणि तो जखमी हरणाच्या मागं गेला. लॉइडच तो, जखमी जनावर टाकून येणारा नव्हे. बर्फात रक्त बघत बघत हेमलॉकच्या झाडांतल्या दलदलीत शिरला, साठीचा माणूस, गुडघाभर बर्फ. दुसऱ्या दिवशी सकाळी सापडला, बीव्हरांनी ओढ्यावर घातलेल्या बांधापाशी, टोपी काढून बाजूला ठेवली होती, दम खायला बसावं तसा. हृदय, म्हणाले डॉक्टर. खुर्चीत बसल्या बसल्याही थांबलं असतं म्हणाले. हरीण चाळीस पावलांवर पडलं होतं. पोहोचतच आला होता हो.

डॉक्टरांचं वाक्य मला पाठ आहे. रोज म्हणतो. पण खाई त्याला खवखवे. आणि मी एकटा खवखवत बसलो असतो तर बसलो असतो, मरेपर्यंत मूग गिळून राहिलो असतो, मला ते जमलं असतं, मी तेवढा निगरगट्ट आहे. पण त्या हरणाच्या पोटातली गोळी सगळ्यांनी पाहिली ना. कॅम्पवरचे म्हणाले, लॉइडचा हात थरथरला, वय झालं. बरं, म्हणू देत. पण अर्डिथ काय म्हणते? ती म्हणते, हात थरथरला तो त्याला तेव्हाच त्रास होत होता म्हणून. रविवारी सकाळी तो डावा दंड चोळत होता म्हणे, तिनं पाहिलं, विचारलं नाही, डबा भरून दिला आणि जाऊ दिलं. 'त्याचा नेम उगाच चुकेल का रे, हार्लन? त्याला बरं नव्हतं आणि मला दिसत होतं.' वर्षभर हेच. दर रविवारी चर्चमधून घरी सोडतो तिला, गाडीत हेच. आणि मी काय म्हणतो? मी म्हणतो, 'मनाला लावून घेऊ नको.' असं म्हणतो. स्टिअरिंग धरून.

अहो, परत फिरवायला काय लागतं? तेच म्हणताय ना? चोवीस टिक उलट्या, ठिपका रेघेवर, टोपण बंद, आणि कुणाच्या बापाला कळणार नाही. वर्षात कितीदा अंगठा ठेवला असेल त्या चकतीवर. एकदा दोन फिरवल्याही होत्या, आणि परत दोन मागं आणल्या. फिरवली की मग लॉइडनंच नेम चुकवला, कायमचा. आणि तिनंच त्याला जाऊ दिलं.

पैसे आत ठेवा. नाही, ठेवा म्हणतो ना. जास्त दिलेत तरी नको. विकायची नाहीये. मी सकाळपासून विकत नव्हतोच बहुतेक, तुमच्यासारखं कोणी ते टोपण काढेल म्हणून वाट बघत होतो की काय, देव जाणे. टोपण? टोपण राहू दे उघडंच. इकडे टेबलावर ठेवा तिला, चकती वर करून. अशी.

कात्री नाही म्हटलं होतं तुम्हाला. आहे. गेल्या वर्षी डोंगरावर घातलेला हाच तो कोट, खिशातच आहे, वर्षभर. तिनं परत मागितली नाही आणि मला देववली नाही. ही इथं, रायफलीशेजारी ठेवतो. तिची ती लगेच ओळखेल.

आता तुम्ही निघा. पाई घ्या तिकडचा, चांगला असतो. नाही, थांबू नका, तुम्ही इथं असलात तर मी पुन्हा दुसरंच काहीतरी बोलत बसेन. निघा म्हणतो ना! — अर्डिथ! अगं अर्डिथ, तो पाई राहू दे, इकडे ये जरा. ही खुर्ची घे. बस.