बिनशिवणीचा झगा

— नाही हो, वाचू नका असं कुठे म्हणतेय मी, खुशाल वाचा, डोळे तुमचे, वेळ तुमचा — फक्त त्या कादंबरीचा सहावा भाग माझ्या कापायच्या टेबलावर नको. तिकडे, स्टुलावर ठेवा. हां. आता हात जरा वर घ्या, टाचण्या लावतेय, हलू नका. किळस येते हो मला त्याची. अगदी झुरळ बघितल्यावर येते ना, तशी. तुम्ही कुठवर आलात? पाचव्यातच आहात अजून? आणि सहावा आधीच घेऊन ठेवलात! मग ऐका — नाही, सांगणारच मी, तुमचं काही बिघडणार नाही, उलट डोकं शाबूत राहील.

पहिले पाच भाग म्हणजे काय होते, तुम्हीच सांगा! तीनशे वर्षांपूर्वीचं ते वेढा पडलेलं गाव, ती विणकरीण, तिचा तो तोफखान्यातला नवरा. मी बत्तीस वर्षं शिवतेय, कापडाच्या बाबतीत मला कुणी फसवू शकत नाही — आणि त्या लेखिकेनं फसवलं नाही. माग कसा बांधायचा, धागा ओलसर का ठेवायचा, रंग मिळेनासा झाला तेव्हा कशाकशाच्या साली उकळल्या — सगळं चोख. दुसऱ्या भागात ती नवऱ्याचा जुना कोट उसवून पोरीला अंगरखा शिवते, आठवतं? बाहीला कापड कमी पडतं तर जोड कुठे देते, तेसुद्धा लिहिलंय. मी कागदावर कापून बघितलं. बसतं! बरोब्बर बसतं.

आणि सहाव्यात? तो नवरा — तिसऱ्या भागात मेलेला, तापानं, छावणीतल्या गवतावर पडून, पाणी पाणी करत — तो नदीतून वर येतो. पंख लावून! चंदेरी पंख. म्हणे तो मुळात माणूस नव्हताच, पाण्याखालच्या कुठल्याशा राज्याचा राजपुत्र. डोळे जांभळे. अहो, तीन भाग ओळखते मी त्याला, जांभळे कधी होते त्याचे डोळे? जरासा तिरळा होता उलट! मग काय, दोघं धबधब्यामागे. चाळीस पानं. ओठ, उसासा, पंख, परत उसासा. वेढा राहिला बाजूला, उपाशी पोरं राहिली बाजूला. आणि तिच्या अंगात काय, तर चांदण्याचा झगा. शिवण नाही, हुक नाही, नाडी नाही. मी म्हटलं, मग घातला कसा गं बये? आणि काढायची वेळ आली तेव्हा — विरघळला! जी बाई अंधारात चाचपून फाटकं शिवायची, तिचा झगा विरघळतो! मी पुस्तक मिटलं आणि साबणानं हात धुतले. खोटं नाही सांगत.

पाठ इकडे करा. खांदा सैल सोडा — काय? नाही, काजं-बटणं आत्ता लगेच नाही मिळायची. ती ताई करायची. माझी मोठी बहीण. ती खिडकीपाशी खुर्ची आहे ना, ती तिची. नाही, आजारी नाही. येत नाही सध्या.

आम्ही दोघींनी मिळून वाचलेत हो सगळे भाग. मी मशीनवर, ती काजं करता करता मोठ्यानं वाचणार — म्हणजे एक पान वाचायचं, एक काज करायचं. तिसरा भाग आला तेव्हा तो छावणीतला मरणाचा भाग तिनं वाचला आणि सुई तशीच हातात धरून बसून राहिली. मला म्हणाली, "असंच झालं असेल का गं यांचं?" भावोजी कामाला परगावी होते, तिथेच तापानं गेले. ताई पोचली तेव्हा सगळं आटोपलं होतं. एक पिशवी दिली तिच्या हातात, आत दाढीचं सामान आणि चपला. बास. बारा वर्षं झाली. मी काय सांगणार? मी म्हटलं, हो, असंच असेल, कुणीतरी पाणी दिलं असेल बघ. तेव्हापासून ती पुस्तकाला जपायची, कव्हर घालून ठेवायची.

तर सहावा. ती आधी वाचून आली, मला म्हणाली, "तू वाच, मग बोलू." मी वाचला. दुसऱ्या दिवशी दुकानात चार बायका होत्या, गप्पांना ऊत आलेला, आणि मी काय केलं — पान दोनशे बारा उघडलं आणि नाटकी आवाजात वाचायला लागले. कात्री हवेत, पदरासारखं कापड पसरून पंख केले. बायका हसून हसून वेड्या झाल्या. एकीनं तर उसाशांची नक्कलसुद्धा केली. मला चेवच आला. ताई हसत नव्हती. म्हणाली, "मला आवडलं." मी म्हटलं, काय आवडलं या घाणीत? तर म्हणते, "तो दारात आला. ओला होता, आणि तिनं आधी त्याचे पाय पुसले. तेवढंच मी तीनदा वाचलं. बाकीची पानं उलटली."

आणि मी — अहो, तोंडात होतं ते आलं बाहेर, मला काय माहीत — मी म्हटलं, "तुझ्या दारात नाही कुणी यायचं, पंख लावूनसुद्धा नाही."

मी हसतच म्हटलं होतं. बायका मात्र हसायच्या थांबल्या. ताईनं हातातलं काज पुरं केलं, दोरा दातानं तोडला, सुई टाचण्यांच्या गादीत खोचली आणि गेली. सात आठवडे झाले.

गेले ना, गेले की तिच्याकडे! परवा रविवारी. दार उघडलं, आत घेतलं, चहा दिला. मी म्हटलं, काजांची कामं साचलीत. तर म्हणाली, "दुसरी बघ कुणीतरी." मग म्हटलं, ताई, अगं ते लिहिलंयच वाईट, मी काय करू? तर शांतपणे म्हणते, "वाईट लिहिलंय हे मला कळत नाही असं वाटतं तुला?" कप उचलले आणि विसळायला लागली. किती वेळ विसळत होती दोन कप! मी उभी राहिले, मग आले निघून.

घरी येऊन ते पाय पुसायचं पान काढलं मी. दोनशे बाराच्या आधीच आहे, नऊच ओळी. मी वाचलंच नव्हतं ते, पंख दिसल्यावर भराभर पानं उलटली होती. नऊ ओळी — बऱ्या आहेत. कोरड्या फडक्यानं पुसते, बोटांच्या मधूनसुद्धा. बाकी पुस्तक गटारात टाकायच्या लायकीचं आहे, हे मी कुणासमोरही म्हणेन, ताईसमोरसुद्धा म्हणेन, आणि —

काय म्हणालात? माफी? मी माफी मागितली का?

तुम्ही फिटिंगला आलात ना? मग फिटिंगचं बघा. हात खाली. झालं तुमचं. आत जाऊन बदला, टाचण्या सांभाळून. नाही, तारीख नाही सांगता येत, काजं कोण करणार आहे? जा. पुढचं गिऱ्हाईक उभंय.