जहाजाची उजवी बाजू कोरी ठेवण्याबाबत

जबाब
ठिकाण: पोलीस ठाणे, हॅलम कोव्ह, मेन राज्य, अमेरिका
दिनांक: बुधवार, १८ ऑक्टोबर २०२३

नाव कॉरिन पिंकहॅम. वय २८ वर्षे. धंदा: रुग्णालयातील यंत्रांची तपासणी व दुरुस्ती करणारी तंत्रज्ञ. राहणार फेरी रोड, हॅलम कोव्ह. आईवडिलांचे घर त्याच रस्त्यावर, चढ संपतो तिथे.

मी आज आपण होऊन ठाण्यात आले असून सार्जंट मिशो यांच्यासमोर सांगते ते असे:

१. माझे वडील वेंडल पिंकहॅम, वय ६९, बोटींच्या इंजिनांचे निवृत्त मेकॅनिक, यांना २ ऑगस्ट रोजी पक्षाघाताचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय लुळा पडला. तेव्हापासून ते रुग्णालयात आणि नंतर पुनर्वसन केंद्रात आहेत. ते हयात आहेत.

२. शनिवार, ७ ऑक्टोबर रोजी हॅलम कोव्ह जहाज-मॉडेल क्लबचे अध्यक्ष ॲल्डन क्रॉकेट आणि सभासद हॉलिस ग्रिंडल यांनी आमच्या तळघरातून दोन वस्तू नेल्या: वडील बांधत असलेले स्कूनर या शिडाच्या जहाजाचे मॉडेल, आणि त्यांचे हातात धरायचे छोटे विजेचे ड्रिल, पायाच्या पेडलसह.

३. दार माझ्या आईने उघडून दिले.

४. मंगळवार, १० ऑक्टोबर रोजी क्लबच्या बैठकीत त्या ड्रिलने मॉडेलच्या उजव्या बाजूला एक छिद्र पाडण्यात आले.

५. वडिलांना कोणी विचारले नाही.

६. वडील येत्या शुक्रवारी घरी येणार आहेत.

वरील मुद्दा तीन वाचून सार्जंट मिशो म्हणाले, "आईनंच दार उघडलं तर चोरी कशी लिहू मी? आणि तीही खेळण्यातल्या जहाजाची." मी सांगितले की चोरी असा शब्द मी वापरलेला नाही, आणि ते खेळणे नाही. त्यांनी पुढे लिहून घेतले.

मॉडेलबाबत थोडे सांगणे जरूर आहे. जहाजाच्या धडावर बाहेरून जी फळ्यांची कातडी असते, ती मॉडेलमध्येही एकेक पट्टी चिकटवून बसवतात. मग प्रत्येक पट्टीत बारीक छिद्रे पाडून त्यात लाकडी खिळे ठोकतात. हे खिळे दात कोरायच्या काडीपेक्षा बारीक असतात. पट्टी डिंकाने धरलेलीच असते, त्यामुळे खिळ्यांची तशी गरज नसते. खऱ्या जहाजाला होते म्हणून करायचे. छिद्रांच्या रांगेवरून क्लबमधली माणसे बांधणारा ओळखतात. वडिलांनी डावी बाजू जुलैअखेर पूर्ण केली. उजव्या बाजूच्या पट्ट्या बसवून झाल्या होत्या, छिद्र एकही नव्हते.

ड्रिल जाड मार्कर पेनाएवढे आहे. पेडल जितके दाबावे तितके ते जोरात फिरते. जोरात फिरवले तर बिट, म्हणजे छिद्र पाडणारी टोकाची सळई, लाकडावरून घसरते, किंवा छिद्राची कड जळते. वडील म्हणत, "त्याला पळवायचं नाही, चालवायचं." पेडल ते उजव्या पायाने दाबत.

क्लबची एक रीत आहे. सभासद वारला आणि त्याचे जहाज अर्धवट राहिले, तर ते क्लब पुरे करतो आणि घरच्यांना देतो. पुढचे पहिले छिद्र त्या माणसाच्याच ड्रिलने, त्याने शेवटचे लावलेले बिट न बदलता पाडतात. त्या वेळी सगळे उभे राहतात. मग ते ड्रिल, जो जहाज पुरे करणार त्याचे होते. वारलेल्या सभासदाच्या नावाची पितळी पट्टी दाराजवळच्या फळ्यावरून काढून खिडकीजवळच्या फळ्यावर लावतात. मी लहानपणापासून वडिलांबरोबर तिथे जात आले आहे. अशा वेळी मीही उभी राहिलेली आहे. रीत चांगली आहे. ती जिवंत माणसाला लावलेली मी पाहिली नव्हती.

सप्टेंबरमध्ये केंद्रात वडिलांचा डावा हात तयार करण्याचे काम सुरू झाले. त्यांना लाकडी खुंट्या एका पाटीवरच्या भोकांत बसवायला देत. ते दोन खुंट्या बसवून पाटी दूर सारत. मी घरून त्यांच्या ड्रिलच्याच मापाचे, पेडल असलेले एक साधे ड्रिल आणि उरलेल्या लाकडाची एक पट्टी नेली. डाव्या हातात ते थरथरले आणि छिद्र लांबट पडले. वडिलांनी छिद्राकडे पाहिले, मग माझ्याकडे.

मी ड्रिलवर चढवायची एक पकड तयार केली. ती तळहातावर पट्ट्याने बसते, त्यामुळे बोटांना आवळून धरावे लागत नाही. पहिल्या दोन जमल्या नाहीत. तिसरीत वजन मागे सरकवले. पेडल डाव्या पायाखाली ठेवले. गुरुवार, १२ ऑक्टोबर रोजी वडिलांनी त्या पट्टीवर ओळीने पाच छिद्रे पाडली. पाचही गोल होती, कड जळलेली नव्हती. शिकवणाऱ्या बाई म्हणाल्या, "अजून एक, वेंडल?" वडिलांनी सहावे पाडले नाही. पट्टी माझ्याकडे सरकवली आणि "घरी" असे म्हणाले. झटक्यानंतर त्यांचे शब्द फार थोडे आहेत. हा स्पष्ट होता.

रविवार, १५ ऑक्टोबर रोजी पकड त्यांच्या स्वतःच्या ड्रिलवर बसते का हे पाहण्यासाठी मी तळघरात गेले. कामाचे टेबल रिकामे होते. पुसलेलेही होते. मी वर येऊन आईला, ग्लेनिस पिंकहॅम, वय ६६, हिला विचारले.

आई म्हणाली, "ॲल्डन आणि हॉलिस घेऊन गेले. मीच फोन केला होता."

"का?"

"का म्हणजे? खाली जायचा जिना बघितलास तू? तो कसा उतरणार? एकदा गडगडला तर मी एकटी काय उचलणार त्याला?"

"मी कठडा बसवून देणार होते. सांगितलं होतं तुला."

"तू पुष्कळ काय काय बसवून देतेस, कॉरी. रात्री त्याला कूस बदलून तू देणार आहेस का?"

 मग आई म्हणाली, "ते ड्रिल किरकिरायचं ना खाली, चाळीस वर्षं डोकं उठलं माझं. बंद पडलं तेव्हा म्हटलं, चला, आता शांतता. दोन दिवस बरं वाटलं. दोनच दिवस." हे वाक्य नोंदवायचे का, असे सार्जंट मिशो यांनी विचारले. मी नोंदवा म्हणून सांगितले. आईने त्या दोघांना जाताना काकवीच्या बिस्किटांचा डबाही दिला होता. आईविरुद्ध माझी कोणतीही तक्रार नाही.

मंगळवार, १७ ऑक्टोबर रोजी, म्हणजे काल, मी क्लबच्या बैठकीला गेले. क्लब जुन्या मासळीच्या कारखान्याच्या वरच्या मजल्यावर भरतो. नऊ जण होते. वडिलांचे मॉडेल मधल्या टेबलावर होते, शेजारी हिरव्या कापडावर ड्रिल. वडिलांच्या नावाची पट्टी खिडकीजवळच्या फळ्यावर होती.

ॲल्डन क्रॉकेट उठून आले. म्हणाले, "ये पोरी, बस. कॉफी घे. आम्ही तुझीच वाट बघत होतो, चार शब्द बोलशील म्हणून."

मी म्हटले, "कोणाबद्दल?"

"वेंडलबद्दल."

"आज दुपारी त्यांनी दोन वाट्या सूप प्यायलं आणि मीठ कमी आहे म्हणून वाटी ढकलली. एवढंच आहे माझ्याकडे बोलायला."

 हॉलिस ग्रिंडल म्हणाले, "ग्लेनिस म्हणाली, तो आता खाली उतरायचा नाही. आम्ही काय समजायचं?"

"उतरणार नाहीत एवढंच समजायचं, हॉलिस. तुम्ही तर त्यांना पुरूनच आलात."

ॲल्डन म्हणाले, "हे बघ, रागावू नकोस. म्हातारा गेला की पोरं सगळं रस्त्यावर मांडून विकतात. आपला सभासद रस बकनम गेला, तर त्याचं जहाज आम्हाला कोंबड्यांच्या खुराड्यावर सापडलं. म्हणून आता आम्ही जरा लवकर जातो."

"जरा?"

"जरा जास्तच लवकर गेलो, बरं. झालं समाधान?"

मी विचारले की अडीच महिन्यांत तुमच्यापैकी वडिलांना भेटायला कोण गेले होते. कोणीच गेलेले नव्हते. मग ॲल्डन म्हणाले, "मला जमत नाही गं ते. माझी बायको नोरा शेवटी तिथेच होती, वरच्या मजल्यावर. मी गाडी लावायच्या जागेपर्यंत गेलो होतो. दोनदा. परत आलो." मी त्यांना सांगितले की वडील खालच्या मजल्यावर आहेत. ते म्हणाले, "माहीत आहे मला."

मी परवानगी घेऊन मॉडेल भिंगाखाली पाहिले. उजव्या बाजूला, पुढच्या टोकाकडे, वरून तिसऱ्या पट्टीत एक छिद्र होते. त्याच्याभोवती जळाल्याचे तपकिरी वर्तुळ होते. मी हॉलिस यांना म्हटले, "पळवलंत तुम्ही त्याला."

ते म्हणाले, "त्याचं पेडल माझ्या पायाला लई हलकं आहे. आणि सगळे उभे होते ना. पाय जरा जास्तच दाबला गेला." त्यांनी हात खिशात घातले. "एकच भोक आहे ते. रांग उद्यापरवा धरीन, सवय झाली की."

मी मॉडेल आणि ड्रिल मागितले. ॲल्डन म्हणाले, बैठकीत ठरलेली गोष्ट बैठकीतच फिरते, आणि त्यासाठी सगळे सभासद लागतात. दोघे जण फ्लोरिडाला गेले आहेत, नोव्हेंबरात येतील. मी म्हटले, वडीलही सभासद आहेत, त्यांना विचारा. यावर एक जण म्हणाला, "त्याची पट्टी तर तिकडं आहे." तो चेष्टेने म्हणाला असावा. ॲल्डन त्याच्यावर ओरडले, "गप रे." पण पट्टी हलवायला कोणी उठले नाही. मीही हलवली नाही. बैठक तिथे संपली. मॉडेल कपाटात ठेवून कुलूप लावले. किल्ली हॉलिस यांच्याकडे असते, आणि ते दुपारी एकटे येऊन काम करतात.

तांत्रिक बाब म्हणून नोंदवते: एक छिद्र बुजवता येते. खिळा ठोकून, घासून, रंग जुळवून. वडिलांना ते दिसेल, इतरांना नाही. रांग बुजवता येत नाही. सवय झालेला माणूस एका दुपारी शंभराच्या वर छिद्रे पाडतो. हॉलिस चांगले कारागीर आहेत. सवय होण्यास त्यांना फार वेळ लागणार नाही.

वडिलांना यातले काही माहीत नाही. घरी आल्यावर ते काय मागतील हे मला माहीत आहे. जिना उतरणे तूर्त शक्य नाही, ते आई बरोबर सांगते. म्हणून कामाचे टेबल मी काल जेवणाच्या खोलीत आणून ठेवले. जेवणाचे टेबल बाहेर ओसरीत आहे. आईने टेबलाचे एक टोक धरले.  

सार्जंट मिशो यांनी विचारले, "आणि समजा भोकं पाडून झालेलीच असली, तर?" मी सांगितले की मग टेबल परत खाली न्यावे लागेल, आणि ते वडील येण्याआधी न्यावे लागेल.

त्यांनी माझ्यासमोर हॉलिस ग्रिंडल यांना फोन लावला. उचलला गेला नाही. ॲल्डन क्रॉकेट यांनी उचलला. ते म्हणाले, "पोलिसांत गेली? वेंडलचीच पोरगी." आणि हॉलिसशी बोलून बघतो असे म्हणाले. बोलले की नाही, हे मला माहीत नाही.

कोणाला अटक व्हावी किंवा शिक्षा व्हावी अशी माझी मागणी नाही. क्लबने माफी मागावी असेही नाही. मला ड्रिल हवे आहे आणि मॉडेल आज आहे त्या स्थितीत हवे आहे.

हा जबाब सार्जंट मिशो यांनी मला सावकाश वाचून दाखवला. मी सांगितले तसाच तो उतरला आहे. खाली सही करते.

(सही) कॉरिन पिंकहॅम

सहीनंतर माझ्या सांगण्यावरून जोडलेली विनंती: हॉलिस ग्रिंडल यांना समक्ष भेटून, कपाट उघडून, उजव्या बाजूला एकाहून अधिक छिद्रे आहेत का एवढे पाहावे, आणि उत्तर उद्या, गुरुवार, १९ ऑक्टोबर रोजी दुपारपर्यंत मला फोनवर कळवावे. उत्तर कोणतेही असले तरी कळवावे. शुक्रवारी सकाळी मी वडिलांना आणायला जाणार आहे, आणि गाडीत ते विचारतील.