खिडकीतलं धुराडं

"मी म्हटलं खिडकी दाखव, यानं माझं पोटच दाखवलंय!"

ओळखपत्राच्या फोटोसाठी तिसऱ्यांदा पावडर लावून बसलेल्या शालनने मान न वळवता कान तेवढे वळवले. अंबरनाथच्या त्या स्टुडिओत बाकाच्या दुसऱ्या टोकाला बबनराव मांडीवर जेवणाचा डबा घेऊन बसले होते. स्टुडिओचा फोटोग्राफर घरी बोलावून काढून घेतलेला फोटो त्यांची बायको शीला न्याहाळत होती.

"पोटाचं काय घेऊन बसलात? मुलाकडच्यांना पाठवायचाय. आपली मैत्रेयी बघा किती गोड आलीय."

"आणि मागे खिडकीत माझ्या कंपनीचं धुराडं. म्हणून तर सोफा ओढून तिथं लावला! बाप कामाला आहे, हे न सांगता कळतं."

"धूर नाही दिसत पण."

"खिडकीच्या उजेडात धूर उडून जातो, भाभी," काउंटरवरचा मोहनभाई म्हणाला. "कॉम्प्युटरवर टाकून देऊ काय?"

"टाका की. थोडासाच, खरा वाटेल एवढा."

"त्यापेक्षा पोट कापायला सांग गं. सोफ्यावर जागा तरी होईल."

"तुम्ही गप्प बसा हो. भाऊ, टाका तुम्ही धूर."

बबनरावांनी डबा या मांडीवरून त्या मांडीवर घेतला.

"नको, मोहनभाई. कंपनी बंद होऊन आठ महिने झाले. हा डबा मी रोज बागेत बसून खातो."

शीलाने फोटो हळूच पाकिटात सरकवला.

"माहीत आहे मला. बसून बसूनच वाढलंय ते पोट."