हाडाला मुदतवाढ

द्वारका चौकाजवळच्या दातांच्या दवाखान्यात फुलांचे हार ओवणाऱ्या पूजाला तारा बसवायला नकार मिळाला. तो मिळालाच नाही असं धरून तिची आई, नंबराची वाट बघणाऱ्या माझ्या शेजारी, बाकावर बसून होती.

"कधी बसवायच्या तारा?"

"नाहीच, आई. वरचे दात खालच्यांना पार झाकतात, पण एक्स-रेत पुढच्या दातांचं हाड झिजलेलं दिसलं. आत्ता ओढले तर हातात येतील."

"मंग?"

"आधी हिरड्यांचा इलाज. आणि हारांचा दोरा दातांनी तोडायचा नाही."

"लग्नसराईत?"

"कात्री आहे की."

"वरमाळेला कात्री लावली तर संसार तुटतो, म्हनती तुझी आजी."

"आणि दात तुटले तर?"

"ते तुझे. हाडाला म्हनावं, थोडं थांब."

"अर्ज करते. सदर हाडास लग्नसराई संपेपर्यंत मुदतवाढ मिळावी, ही नम्र विनंती."