माहेरच्या नावांचा तक्ता

आधी माझी चूक सांगतो, म्हणजे पुढचं सोपं जाईल. मानवशास्त्राच्या मॅडमनी आपापल्या घराण्याचा तक्ता काढून आणायला सांगितलेला, पुरुषाला त्रिकोण, बाईला वर्तुळ, लग्नाला दोन रेघा आणि प्रत्येकाखाली नाव. मी चार पिढ्यांचा काढला, मोठ्या कार्डशीटवर, पट्टी-कंपास घेऊन, रंगसुद्धा भरले, आणि वर्गात सगळ्यांच्या आधी पुढे जाऊन दाखवला. मॅडम माझ्या मुलीच्या वयाच्या. त्या म्हणाल्या, काका, त्रिकोणांखाली नावं आहेत, पण वर्तुळांखाली आई, आजी, पणजी असं लिहिलंय, हे नातं झालं, नाव काय. मागच्या बाकावरची पोरं हसली. मी म्हटलं, मॅडम, आई म्हणजे आई. त्या म्हणाल्या, तिचं लग्नाआधीचं नाव हवं, जन्माचं. आणि काय सांगू तुम्हाला, त्रेपन्न वर्षांचा माणूस मी, उभ्या वर्गासमोर मला आईचं माहेरचं नाव आठवेना. आठवेना कसलं, मला ते माहीतच नव्हतं.

आम्ही मूळचे राजापूरकडचे. वडील डोंबिवलीत आले, मी मानपाड्याला वाढलो, तिथेच एका रंगाच्या कंपनीत स्टोअरला लागलो. माझ्या एकोणिसाव्या वर्षी वडील गेले तेव्हा कॉलेज सुटलं ते सुटलंच. पुढे कंपनीने आमचं खातं बंद केलं, मी घरी बसलो, आणि घरी बसून काय केलं, तर बायकोला फॉल-पिको कसं करावं ते शिकवायला लागलो. ही पंचवीस वर्षं गॅलरीत मशीन टाकून साड्यांना फॉल लावतेय. चौथ्या दिवशी म्हणाली, अहो, तुम्ही रोज कुठेतरी जात जा. म्हणून कॉलेजात गेलो, झालं. सकाळच्या वर्गाला खिडकीवरच्या माणसाने सांगितलं, मानवशास्त्र आहे, त्याच्यासोबत अमेरिकन संस्कृतीचा पेपर आहे, बाकी भरलंय. मी म्हटलं चालेल. अमेरिका मी फक्त शेजाऱ्यांच्या फोटोत बघितलेली.

पण आवडलं हो मला. तिसऱ्या वर्षापर्यंत आलो. आता हा तक्त्याचा प्रकल्प शेवटचा, बाहेरचे परीक्षक येणार, हातात आठ दिवस, आणि तक्ता अर्धा कोरा. नापास झालो असतो तर वर्ष गेलं असतं, आणि एकदा सुटलेलं कॉलेज दुसऱ्यांदा सुटलं की मी परत जाणार नाही, हे माझं मला माहीत होतं.

प्रकल्पात दोन कुटुंबं हवी होती, एक आपलं, एक तिकडचं, म्हणजे अमेरिकेतलं. तिकडच्या एका कॉलेजातली एलेनबाई माझ्या वाट्याला आलेली, साठी ओलांडलेली, माझ्यासारखीच उशिरा शिकणारी. व्हिडिओवर बोलायचो आम्ही, माझं इंग्रजी म्हणजे धक्का मारून चालू करायची स्कूटर, पण बाई धीराची. तिने खापरपणजीपर्यंत सगळ्या बायांची नावं माहेरच्या आडनावासकट सांगितली. स्वतःचं म्हणाली, लग्नात नवऱ्याचं आडनाव घेतलं, घटस्फोटानंतर माझं परत घेतलं. मी विचारलं, परत कसं घेतलं. म्हणाली, अर्ज भरला. मग तिने माझ्या बायकोचं नाव विचारलं. मी छाती पुढे काढून सांगितलं, सुजाता, मीच ठेवलं, ताटात तांदूळ पसरून त्यावर अंगठीने लिहिलं, आमच्यात पद्धत आहे. एलेनबाई म्हणाली, आणि तू ठेवायच्या आधी तिला काय म्हणायचे. गॅलरीतलं मशीन थांबलं. हिला इंग्रजी येत नाही असं मी समजत होतो, तीही एक चूकच.

मी म्हटलं, कुंदा. अठ्ठावीस वर्षांत पहिल्यांदा मी ते नाव तोंडाने घेतलं असेल.

हिने जेवताना स्वतःहून विषय काढला. म्हणाली, आणा तो तुमचा कागद. आणि आमटी ढवळता ढवळता तिच्या बाजूची सगळी वर्तुळं भरून दिली, आईची आई, तिची आई, सगळ्यांची दोन-दोन नावं, माहेरचं आणि सासरचं. मी म्हटलं, तुला कसं ग एवढं माहीत. म्हणाली, बायकांना एकमेकींना विचारायची सवय असते, तुमच्या आईंना मी विचारलेलं, पण त्या नुसत्या हसायच्या, म्हणायच्या, आता त्याचं काय.

आई जाऊन नऊ वर्षं झाली. शहाडला तिची धाकटी बहीण आहे, सिंधूमावशी, चौऱ्याऐंशीची. ही म्हणाली, चला, मीही येते, तुम्ही मुद्द्याचं सोडून भलतंच विचारत बसाल. मावशीला कमी ऐकू येतं. मी दोनदा ओरडून विचारलं तर ती म्हणते, चहात साखर नको. मग ही तिच्या कानाशी बसली, मावशीचा हात हातात घेतला आणि हळूच विचारलं, मावशी, आईंना घरी काय हाक मारायचात. मावशी म्हणाली, द्वारका. मग माझ्याकडे बघून म्हणाली, मेल्या, आता विचारतोस होय.

मग मावशी बोलतच सुटली, माझ्या दोन्हीकडच्या आजी-पणजीची नावंही तिनेच सांगितली. द्वारकाचं लग्नात सुमती केलंन. सासरी पहिले पंधरा दिवस सुमती म्हणून हाक मारली की ती वळायचीच नाही, आपल्याला बोलावतायत हेच कळायचं नाही बिचारीला, तर सासू गावभर सांगत सुटली, सून बहिरी केली. माहेरी आली की विहिरीवर मला सांगायची आणि पदर तोंडात धरून हसायची. मग एकदम मावशी हसायची थांबली, म्हणाली, पण एकटी असली ना, की भांडी घासताना स्वतःलाच म्हणायची, चल गो द्वारके, आटप. मी खाली मान घालून लिहीत होतो. ही म्हणाली, मावशी, आणि तुमचं. मावशी म्हणाली, गोदी. तेही लिही रे शशा.

तोंडी परीक्षेला परीक्षक म्हातारे, जाड चष्म्याचे. त्यांनी सगळी वर्तुळं बोटाने मोजल्यासारखी बघितली. म्हणाले, नाव तर तिकडेही बदलतं आणि इकडेही, फरक काय सापडला. माझं पाठ केलेलं सगळं उडालं. मी आईची भांड्यांची गोष्ट सांगितली, एलेनबाईच्या अर्जाची सांगितली, आणि म्हटलं, सर, तिकडे परत मागायची खिडकी तरी आहे, आमच्याकडे परत मागायचं असतं हेच कोणाला सुचलं नाही, मलाही नाही. त्यांनी सही केली. मागच्या महिन्यात निकाल लागला, पास झालो. देवाच्या दयेने सगळं बरं चाललंय.

त्या दिवशी मी पेढे घेऊन घरी आलो आणि मोठ्या मनाने हिला म्हटलं, आजपासून तुला कुंदा म्हणू का. ही सुईत दोरा ओवत होती. म्हणाली, नको, सुजाता या हाकेला वळायला शिकले त्यात माझं अर्धं आयुष्य गेलं, आता परत कुठे शिकत बसू, पण माझा बारावीचा दाखला कुंदाच्या नावाचा आहे, तेव्हा उद्या कॉलेजातून अ‍ॅडमिशनचा एक फॉर्म घेऊन या, आणि एक सांगून ठेवते, पुढे एमएला बसलात तर मी पहिल्या वर्षाला असेन, जिन्यात भेटलात तरी वर्गातल्या पोरींसमोर मला काही शिकवायला येऊ नका.