विचारलं तेवढंच

गाडी नावावर करून देण्याच्या रांगेत माझ्या पुढे एक नवरा-बायको उभे होते.

"सुटलो बाई! ती जुनी इंग्लिश स्पोर्ट्स कार किती वर्षं अंगण अडवून बसली होती."

"हळू बोल. अर्धवट दुरुस्त गाडी खपवणं म्हणजे खायचं काम नाही."

"घेणाऱ्यांना सगळं सांगितलंत ना?"

"विचारलं तेवढं सांगितलं. सुरू होते का म्हणाले, होते म्हटलं."

"मग राहिलं काय?"

"थांबते का, ते नाही विचारलं."

"म्हणजे?"

"ब्रेकचं काम व्हायचंय अजून. उद्या ट्रकवर चढवून नेणार आहेत ते. मी कशाला व्यवहारात मोडता घालू?"

"अहो, किल्ली कुठंय?"

"गाडीलाच आहे. का?"

"मघाशी आपल्या चिमीचा फोन आला होता. ते गाडी घेणारे काका गाडी बघायला घरी आलेत."

"बघू देत की."

"चक्कर मारायला निघालेत. मीही जाऊ का, विचारत होती."

"तू काय म्हणालीस?"

"अहो, फोन लावा आधी!"

"लावतोय. तू काय म्हणालीस तिला?"

"म्हटलं, जा. बाबांनी स्वतःच्या हातानं दुरुस्त केलीये, घाबरू नकोस."